शेवट सांगू का?

मला सिनेमे बघायला वेळ मिळत नाही, कारण लोक मला सिनेमे सांगत असतात.

सकाळी लोकलमध्ये एक, दुपारी डबा खाताना एक, संध्याकाळी जिन्यात अर्धा आणि रात्री मावशीच्या फोनवर उरलेला अर्धा, असा माझा खुराक आहे. मालिका वेगळ्या. पूर्वी डोंबिवलीत ओळखीचा माणूस भेटला की ‘पाणी आलं का?’ विचारायचा. आता ‘सध्या काय बघताय?’ विचारतो. पाण्याच्या प्रश्नाला ‘नाही आलं’ म्हटलं की दोघंही सुस्कारा टाकून आपापल्या वाटेनं जायचे. ‘काही नाही बघत’ म्हटल्यावर मात्र कुणी जात नाही. समोरचा पिशवी खाली ठेवतो, आपल्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, ‘मग एक सांगतो, ती बघाच.’ आणि पुन्हा बघायची गरज उरणार नाही इतक्या तपशिलात ती सांगून टाकतो.

आमच्या डब्यात एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे काका म्हणतात, त्यांच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. काका उलटे कल्याणला जाऊन बसून येतात, त्यामुळे त्यांना खिडकी असते आणि आम्हाला काका असतात. दर रविवारी ते एक सिनेमा बघतात आणि सोमवारी आम्हाला दाखवतात. डोंबिवली सुटली की पाट्या पडायला लागतात. निर्माता कोण, त्याचा आधीचा सिनेमा कसा पडला, तिकिटाला किती मोजले, शेजारच्या खुर्चीतल्या पोराचे पाय कुठे होते, हे सगळं पाट्यांतच येतं. ठाणं येईपर्यंत नायकाचं बालपण उरकतं. ठाण्याला लोंढा आत शिरतो. एकदा त्या लोंढ्यात नायकाची आई हरवली, ती घाटकोपरला सापडली. पण तोवर ती कुणा जमीनदाराच्या घरात नांदत होती. ती तीच बाई की दुसरी, हे आम्हाला आजवर कळलेलं नाही. कुर्ल्याला मध्यंतर होतं. मध्यंतरात काका पॉपकॉर्नच्या भावावर बोलतात, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या सादरीकरणातला हा भाग सर्वांत जिवंत असतो.

अडचण एवढीच, की काकांचं ऑफिस दादरला आहे आणि सिनेमाचा शेवट नेहमी भायखळ्याला येतो.

एका सोमवारी खुनाची गोष्ट चालली होती. पार्श्वसंगीतही काकाच देत होते. दार करकरलं, सावली पडली, आणि दादर आलं. काका उठून दाराशी सरकले.

‘अहो काका, खुनी कोण?’

‘अरे, तोच!’ काका फलाटावरून ओरडले.

‘तोच कोण?’

‘पहिल्यापासून वाटत होता तो!’

गाडी सुटली. डब्यात चौघांना चार वेगळी माणसं पहिल्यापासून वाटत होती. एकाचा डॉक्टरवर संशय, दुसऱ्याचा मेव्हण्यावर, तिसरा तर अर्धवट झोपेत होता आणि त्याला जमीनदार वाटत होता. जमीनदार मागच्या सोमवारचा होता. मला स्वतःला काकाच वाटत होते. संध्याकाळी शेवट ऐकू म्हणावं, तर काका परतीला दुसरी गाडी पकडतात, आणि त्या गाडीतल्या लोकांना आदल्या सोमवारचा शेवट हवा असतो.

लंडनला अगाथा ख्रिस्तीबाईंचं ‘द माऊसट्रॅप’ हे नाटक १९५२ पासून चालू आहे. करोनातली सक्तीची सुट्टी सोडली तर खंड नाही. प्रयोग संपला की प्रेक्षकांना विनंती करतात, खुनी कोण ते बाहेर कुणाला सांगू नका. सत्तरहून जास्त वर्षं ही विनंती चालू आहे आणि नाटकही चालू आहे. हेच नाटक आमच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात लागलं असतं, तर पहिल्याच प्रयोगाच्या मध्यंतरात, बटाटेवड्याच्या रांगेत खुनी जाहीर झाला असता. वर लोक दुसऱ्या प्रयोगालाही गेले असते, ‘खून कसा करतोय बघू’ म्हणून. तिकडे हिचकॉकनं १९६० मध्ये ‘सायको’ आणला तेव्हा नियम केला होता, की सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही. आत येणाऱ्यांना नियम, आणि बाहेर पडणाऱ्यांना? विनंती! शेवट फोडू नका अशी नुसती विनंती. हिचकॉकबद्दल मला आदर आहे, पण तो माणूस आमच्या बी विंगमध्ये कधी राहिलेला नव्हता.

बी विंगचं कर्तृत्व सांगतो. कटप्पानं बाहुबलीला का मारलं, या प्रश्नाच्या उत्तरासाठी २०१५ पासून २०१७ पर्यंत अख्खा देश खोळंबला होता. ते उत्तर आमच्या लिफ्टमध्ये तळमजला ते तिसरा मजला एवढ्या प्रवासात देऊन झालं. देणाऱ्यानं वर दार धरून ठेवलं, मला नीट समजलं की नाही ते बघायला. संध्याकाळच्या खेळाची तिकिटं माझ्या खिशात होती.

शेवट सांगणारे तरी परवडले, कारण त्यांचं काम एकदाच असतं. शिफारस करणारे रोज भेटतात. आमच्या ऑफिसात एक तरुण आहे. तो म्हणाला, ‘सर, पहिले चार भाग फक्त सहन करा. पाचव्यापासून जबरदस्त पकड घेते.’ चार भाग म्हणजे चार तास. चार तासांत माणूस पुण्याला पोचतो, आणि रिक्षावाल्याशी वाद घालून वर वेळ उरतो. पण नाही म्हणायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या टेबलाशी यायला लागला. ‘सर, कितव्यावर आलात?’ तिमाहीचे आकडे मागताना साहेबही इतके खोदून विचारत नाहीत. आणि ‘कसं वाटतंय?’ विचारताना तो माझ्याकडे असा बघायचा, की नव्या सुनेनं पहिला लाडू सासऱ्याच्या हातावर ठेवून बघावं.

मालिका होती ‘डार्क’. जर्मन. विंडेन नावाचं गाव, तिथं एक गुहा, आणि गुहेत शिरलं की माणूस तेहतीस वर्षं मागं नाहीतर पुढं निघतो. म्हणजे २०१९ मधला मुलगा १९८६ मध्ये, आणि १९८६ मधला माणूस १९५३ मध्ये. एकच माणूस तीन वयांत तीन वेगवेगळ्या नटांचा, आणि सगळे पावसात पिवळा रेनकोट नाहीतर काळं तोंड करून फिरतायत. मी एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर वंशावळ काढायला घेतली. दुसऱ्या भागात पाठ भरली. तिसऱ्या भागात मी पाकिटावर गेलो.

बायको शेजारी गवार मोडत बसली होती. तिचं लक्षही धड नव्हतं. ती कोकणातली, माहेरच्या सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत, की तलाठीसुद्धा ती वाचताना मध्ये पाणी पितो. तिनं एकदाच मान वर केली आणि म्हणाली, ‘अहो, त्या पोराचा बाप म्हणजे तिचाच हरवलेला भाऊ. तोच मागं जाऊन मोठा झाला. म्हणजे ती त्याची आत्या लागते.’

‘कुणाची आत्या?’

‘ज्याच्यावर तिचं प्रेम आहे त्याची.’ ती गवार मोडायची थांबली. ‘आणि उद्या यांना मूल झालं, तर बारशाला नाव ठेवायला आत्या कुठून आणायची?’

जगभरच्या समीक्षकांनी त्या मालिकेवर काळ, नियती, कार्यकारणभाव असं पुष्कळ लिहिलं आहे. बारशाच्या अंगानं कुणी विचार केल्याचं माझ्या वाचनात नाही. दुसऱ्या दिवशी तो तरुण आला. ‘मग सर? कशी वाटली?’

‘बारशाची अडचण आहे,’ मी म्हणालो.

तेव्हापासून तो मला काही सुचवत नाही. दुसऱ्या खात्यातल्या एका माणसाला सुचवतो. तो माणूस हल्ली मला जिन्यात चुकवतो, कारण त्याला वाटतं मीच त्याचं नाव सांगितलं.

घरी आमच्या मालिकांना नावं नाहीत, वेळा आहेत. साडेसातची, आठची, साडेआठची. ‘आठचीतली सून साडेआठचीतल्या सासूपेक्षा बरी’ असं वाक्य आमच्याकडे कुणालाही कळतं. सासू-सासरे शेजारच्या विंगमध्ये राहतात, म्हणजे झोपायला तिकडे जातात. सासूबाईंना ‘चार दिवस सासूचे’चा काळ अजून आठवतो. नावात चार दिवस. २००१ मध्ये सुरू झाली ती २०१३ उजाडल्यावरच थांबली, तीन हजारांवर भाग करून. तेवढ्या काळात माझी मुलगी बालवाडीतून दहावीला गेली, मालिकेतली पोरं कुठवर गेली ते सासूबाईंना विचारा. मध्यंतरी तीच मुलगी आजीला कोरियन मालिका दाखवत होती. छान चाललं होतं, आजीला त्यातला मुलगा पसंतही पडला होता. मग मुलगी म्हणाली, ‘आजी, सोळा भागांत संपते हं ही.’ सासूबाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘आणि नंतर ती माणसं काय करतात?’

सासरे मालिका बघत नाहीत. हे ते स्वतः सांगतात, रोज, साडेसात ते नऊच्या दरम्यान, टीव्हीसमोरच्या खुर्चीतून. ‘मी वर्तमानपत्र वाचतो. कानावर पडतं त्याला काय करणार?’ एका संध्याकाळी वीज गेली आणि सासूबाईंचा अर्धा भाग बुडाला. त्या कुणाला तरी फोनवर मागचा धागा सांगत होत्या, ‘...आणि मग त्यानं ते मृत्युपत्र कपाटात ठेवलं.’ वर्तमानपत्रामागून आवाज आला, ‘गादीखाली. कपाटात ठेवलं ते नकली.’ कान इतके तीक्ष्ण असलेल्या या गृहस्थांना मी दार उघडायला तीन हाका मारतो.

मावशीचं प्रकरण याहून गंभीर. परवा रात्री तिचा फोन आला. रडत होती. ‘गेली रे ती. जाऊ नये तशी गेली.’ माझ्या पोटात गोळा आला. आमच्या नात्यात आजारी असलेल्या सगळ्या बायका डोळ्यांसमोरून गेल्या. मी हळूच विचारलं, ‘कधी?’

‘आत्ताच. जाहिराती लागायच्या आधी.’

मग ती डोळे पुसून म्हणाली, ‘पण तू येऊ नकोस हं. ती परत येणारे. दरीत पडली ना, म्हणजे येतेच. तोंड बदलून येईल बहुतेक, पहिलीनं मालिका सोडली म्हणतात.’

मावशी कुठल्याही सिनेमाला चांगलं-वाईट म्हणत नाही, ती तो दुरुस्त करते. ‘सैराट’ बघून सगळं थिएटर सुन्न होऊन बाहेर पडलं होतं. मावशी पायऱ्यांवरच मला म्हणाली, ‘आईला फोन कशाला करायचा मी म्हणते? हैदराबादला गाडं रुळावर आलं होतं, पोर गोड होतं. फोन केलाच, तर नंबर बदलून टाकायचा.’ नागराज मंजुळे यांनी मावशीला आधी गाठलं असतं, तर आर्ची आणि परशा आज तिथं फ्लॅटचे हप्ते भरत सुखात असते. सिनेमा शंभर कोटींचा झाला नसता, ही गोष्ट वेगळी. मावशीला कोटींशी देणंघेणं नाही.

या सगळ्यात माझं मत काय, हा प्रश्न येतोच, आणि इथं माझी अब्रू पणाला लागते. मला सिनेमा आवडला तर मी गप्प बसतो आणि नाही आवडला तर झोपतो. दोन्हीतलं काहीही लग्नाच्या पंगतीत चालत नाही. गेल्या मोसमात अशाच एका पंगतीत डावीकडच्या गृहस्थांनी मठ्ठ्याचा घोट घेऊन विचारलं, ‘तो नवा ऐतिहासिक बघितलात की नाही?’ मी बघितला नव्हता. पण समोर जिलबी आली होती आणि ‘नाही’ म्हटलं असतं तर अफझलखानापासून ऐकावं लागलं असतं. मी म्हणालो, ‘पहिला भाग छान जमलाय. मध्यंतरानंतर जरा रेंगाळतो.’

डावीकडच्यांनी मान डोलावली. उजवीकडचेही वाकून म्हणाले, ‘अगदी!’

हे वाक्य मी तुम्हाला फुकट देतो. पाट्यांना ‘जमलंय’ म्हणणारे आणि मध्यंतरानंतर घड्याळ बघणारे जगात कुठेही आहेत. फक्त ते वाक्य तोंडातून सुटलं की आपलं राहत नाही. दुसऱ्या दिवशी सासरे वर्तमानपत्रामागून म्हणाले, तो ऐतिहासिक मध्यंतरानंतर रेंगाळतो, असं ऐकलं. बुधवारी ऑफिसातल्या त्या तरुणानं डबा खाताना दुसऱ्याला तेच सांगितलं. आणि सोमवारी काका डब्यात आले ते मोकळ्या हातानं. ‘काल जाणार होतो,’ ते म्हणाले, ‘पण आमच्या व्याह्यांना लग्नात एक जण भेटले. फार जाणकार माणूस म्हणे. ते म्हणाले, रेंगाळतो.’ सगळा डबा हळहळला. मी पंख्याकडे बघत राहिलो.

‘दृश्यम’ मला तेव्हा नव्यानं कळला. निशिकांत कामत यांचा २०१५ चा हिंदी. मूळ मल्याळी त्याच्या दोन वर्षं आधीचा. शेवट सांगत नाही, पण एवढी वर्षं झाल्यावर मधलं सांगायला हरकत नसावी. गोव्यातला विजय साळगावकर, चौथी नापास, केबलचा धंदा, दिवसरात्र सिनेमे बघणारा. तो लॉजवाल्याला, हॉटेलवाल्याला, कंडक्टरला पुन्हा पुन्हा गाठून बोलता बोलता सुचवतो, की २ ऑक्टोबरला आम्ही पणजीला आलो होतो, सत्संगाला गेलो, पावभाजी खाल्ली. आणि पोलिसांनी विचारल्यावर ही माणसं छातीठोकपणे तेच सांगतात. ती खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच तसं आठवत असतं. लोकांना हा कथेतला अचाट भाग वाटतो. मला तर तो आमच्या सोसायटीवरचा माहितीपट वाटतो. आमच्याकडे निम्म्या लोकांनी निम्मे सिनेमे असेच बघितले आहेत, आणि उलटतपासणीत एकही फुटणार नाही.

तर या कीर्तीमुळे सेक्रेटरी माझ्याकडे आले. गणपतीत एका रात्री अंगणात पडदा लावून सिनेमा दाखवायचा असतो. ‘तुमचं मत ठाम असतं म्हणतात,’ ते म्हणाले, ‘निवड समितीवर या.’ समितीची बैठक गच्चीवर झाली. महिलांनी ‘बाईपण भारी देवा’ सुचवला. २०२३ मध्ये त्या सगळ्या मिळून, नऊवारी नेसून, गॉगल लावून बघायला गेल्या होत्या. पुरुषांनी एकमुखानं विरोध केला. त्यांपैकी कुणीही तो बघितलेला नव्हता, पण बायका परत आल्या होत्या तेव्हाचे त्यांचे चेहरे सगळ्यांनी बघितले होते. एका मुलानं चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ सुचवला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आहे, भारतातर्फे ऑस्करलाही गेला होता, असं तो पोटतिडकीनं सांगत होता. सासऱ्यांनी हात वर केला. ‘शेवटी न्यायाधीश बाकावर झोपतो. मी त्याच्या आधी तासभर झोपलो होतो.’ ‘कोर्ट’ बरखास्त झालं.

रात्री साडेअकराला, दासबोधापासून ‘दादा कोंडके मुलांना चालतील का’ इथपर्यंत सगळं होऊन, दर वर्षी ठरतो तोच सिनेमा ठरला. ‘अशी ही बनवाबनवी’. १९८८ चा. एक जाणकार म्हणालेच, ‘मूळ हृषीदांचा, १९६६ चा ‘बीबी और मकान’.’ तेही दर वर्षी म्हणतात. समितीच्या इतिवृत्तात हे वाक्य आता छापूनच ठेवलं आहे.

सिनेमाची रात्र आली. अंगणात सतरंज्या, मागं खुर्च्या. धनंजय मान्यांची चौकशी पडद्यावर व्हायच्या आधी ती सगळ्या अंगणानं केली. सत्तर रुपयांचा विषय निघायला अवकाश होता तरी लोक हसून घेत होते. आणि तेवढ्यात कुणाला तरी शोध लागला, की तिसऱ्या रांगेत बसलेल्या जोडप्यानं हा सिनेमा बघितलेला नाही. कोइमतूरहून नुकतीच बदली होऊन आलेली माणसं. मराठीचं अक्षर माहीत नाही.

बातमी अंगणात पसरली. न बघितलेला माणूस! सोसायटीत असा ऐवज कित्येक वर्षांत कुणाच्या हाती लागलेला नव्हता. खुर्च्या सरकायला लागल्या. काका कुठून तरी उगवले आणि त्या नवऱ्याच्या उजवीकडे बसले. दादर यायची भीती नव्हती, त्यामुळे आवाज चढा होता. सासरे डावीकडे. मावशी खास या दिवसासाठी मुलुंडहून आली होती, ती त्या बाईचा हात हातात घेऊन बसली. ‘देखो, ये मर्द है, लेकिन अभी औरत बनेगा,’ काका म्हणाले. ‘दो औरत बनेंगे,’ सासऱ्यांनी दुरुस्त केलं. ‘और मालकिन को कुछ समजता नहीं,’ मावशी म्हणाली, ‘उसको भाडा लेने के पहले कागद देखना चाहिए था.’ पुढच्या रांगेतले मागं वळून सांगायला लागले, मागचे पुढं वाकून. लक्ष्या पदर सावरत पडद्यावर आला तेव्हा अंगणातलं एकही तोंड पडद्याकडे नव्हतं.

मध्यंतरात साबुदाणावडे वाटत मी त्या गृहस्थांपर्यंत पोचलो. चेहरा जरा थकलेला होता. शेजारधर्म म्हणून विचारलं, ‘कैसा लगा?’

त्यांनी वडा घेतला, इकडं-तिकडं पाहिलं आणि मान डोलावली.

‘फर्स्ट हाफ अच्छा है, सर,’ ते म्हणाले. ‘इंटरवल के बाद थोडा खिंचता है, बोलते.’